रजिस्टर्ड, अ‍ॅश्युअर्ड आणि पॉन्झी

व्यवहारातलं इंग्रजी : भाग ७

मागच्या भागात आपण कर्जाच्या अर्जावरचे शब्द पाहिले. आज ठेवीचे आणि ठेव बुडवणाऱ्यांचे शब्द घेऊ. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याने त्यांची किंमत मोजलेली आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, शेतकऱ्यांच्या खात्यात मावेजा आला आणि त्या पैशावर डोळा ठेवून ‘तीस-तीस’ योजना गावोगाव पोहोचली. ती चालवणाऱ्याच्या गाड्यांच्या ३०३० या क्रमांकावरून तिला हे नाव पडलं. महिन्याला पाच टक्के, पुढे तर पंचवीस टक्के परताव्याची बोली होती. अखेर २०२२मध्ये प्रकरण पोलिसांत गेलं. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३मध्ये, शहरातल्या आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेचा सुमारे २०० कोटींचा घोटाळा उघड झाला आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले.

एक योजना तोंडी भरवशावर चाललेली, दुसरी पाटी लावून बसलेली संस्था. दोन्हीकडे पैसे ठेवणाऱ्याच्या कानावर विश्वासाचे शब्द पडत होते. त्या शब्दांचा नेमका अर्थ ठाऊक असेल, तर पैसे देण्याआधी नेमका प्रश्न विचारता येतो.

एजंटच्या तोंडचे शब्द

पहिला शब्द ‘अ‍ॅश्युअर्ड रिटर्न’, म्हणजे हमखास परतावा. महिन्याला पाच टक्के हा आकडा कागदावर मांडून पाहा. तुम्ही एक लाख दिले, दर महिन्याला पाच हजार मिळू लागले. समोरच्याने काडीचाही धंदा केला नाही, तरी तुमच्याच लाखातून तो तुम्हाला वीस महिने पैसे देऊ शकतो. त्या वीस महिन्यांत तुमचा विश्वास पक्का होतो, तुम्ही भावकीत आणि सोयऱ्यांत सांगता, आणखी पैसे येतात. म्हणून ‘मला तर दर महिन्याला वेळेवर मिळतात’ हा योजना खरी असल्याचा पुरावा होत नाही. पैसा कोणत्या धंद्यातून येतो, हे ताळेबंदासह दाखवता आलं तरच त्याला अर्थ आहे.

दुसरा शब्द ‘रजिस्टर्ड’. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं नीट वाचा. शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स, उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, कंपनी नोंदणीचा दाखला. यातला एकही कागद लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी देत नाही. दुकान, कंपनी किंवा संस्था अस्तित्वात आहे, एवढंच त्यातून कळतं. इथे विचारायचा शब्द ‘रेग्युलेटेड’ : ठेवी घेण्यावर देखरेख कोणाची? बँकेवर रिझर्व्ह बँकेची असते, गुंतवणूक योजनांवर सेबीची. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, मल्टिस्टेट पतसंस्था केंद्रीय निबंधकाकडे. या दोन्ही संस्था बँका नव्हेत.

तिसरा शब्द ‘इन्शुअर्ड’. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत रक्कम देतं. ४ फेब्रुवारी २०२०पासून ही मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. नागरी सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला मात्र नाही. पावतीवर ‘एफडी’ लिहिलेलं दोन्हीकडे सारखंच दिसतं. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवण्याआधी हा फरक घरातल्या थोरामोठ्यांना समजावून सांगा.

फसवणुकीची नावं

‘पॉन्झी’ हे एका माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स पॉन्झी या इटालियन माणसाने १९२०मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनला ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आश्वासन दिलं. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कुपनांच्या व्यापारातून हा नफा येतो, असं तो सांगे. प्रत्यक्षात नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं.

‘पिरॅमिड’मध्ये तुम्हालाच माणसं जोडायला लावतात. प्रत्येकाने पाच जण आणायचे असं धरलं, तर नवव्या पायरीवर साडेएकोणीस लाख नवी माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. म्हणजे शेवटच्या पायरीवरचे लोक बुडणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. कायद्यात याला ‘मनी सर्क्युलेशन स्कीम’ म्हणतात आणि १९७८च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे. अशा योजनेत माणसं जोडणंही गुन्हा आहे. कमिशनसाठी मित्राला आत ओढणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावं.

‘म्यूल अकाउंट’ हा शब्द कॉलेजच्या मुलांसाठी. थोड्या पैशांच्या बदल्यात आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला दिलं, की लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

तक्रारीचे शब्द

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितासाठी १९९९चा कायदा आहे. सगळे त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यातले तीन शब्द कामाचे आहेत. ‘डिपॉझिट’ची व्याख्या व्यापक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२च्या निकालात स्पष्ट केलं. ‘डिफॉल्ट’ म्हणजे मुदत भरल्यावर पैसे परत न करणं. ‘अटॅचमेंट’ म्हणजे मालमत्ता जप्त करणं. ती विकून येणाऱ्या रकमेतून ठेवीदारांची देणी भागवायची असतात.

म्हणून तक्रारीत ‘ओळखीने पैसे दिले’ एवढंच लिहू नका. ते हातउसने वाटतात आणि प्रकरण दिवाणी दाव्याकडे वळू शकतं. कोणत्या तारखेला, किती परताव्याच्या बोलीवर, कोणाकडे ठेव दिली, मुदत कधी संपली, हे क्रमाने लिहा. पावत्या, बँकेचा उतारा आणि एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश जोडा. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आला तरच तो हाती लागतो.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अशा प्रकरणांत ‘हाव नडली’ असं म्हणून गाव मोकळं होतं आणि फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. वडिलोपार्जित जमीन गेल्यावर आलेला पैसा मुलांसाठी वाढावा, असं वाटणं ही हाव नव्हे. गुन्हा फसवणाऱ्याचा आहे. उलट तुमच्या गप्प बसण्याने त्याला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करायला सवड मिळते. तेव्हा ज्यांची रक्कम अडकली आहे त्यांनी एकेकटं न बसता एकत्र यावं आणि आर्थिक गुन्हे शाखेचं दार ठोठावावं.

पुढच्या भागात विम्याच्या पॉलिसीवरचे शब्द : प्रीमियम, सरेंडर व्हॅल्यू आणि नॉमिनी.