मानसशास्त्रातील प्रमुख संप्रदाय

मनासंबंधी विचार करणे ही मानवाची फार जुनी सवय आहे. आपल्याकडे पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींची चिकित्सा आढळते. समर्थ रामदासांनी तर मनालाच उद्देशून श्लोक रचले. ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने आत्म्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु प्रयोगशाळा उभारून मनाचा अभ्यास करावयाचा, ही कल्पना मात्र अवघी दीडशे वर्षांची आहे. एवढ्या अल्पावधीत या शास्त्रात इतके संप्रदाय निर्माण झाले की, नवशिक्या वाचकाने भांबावून जावे. हे संप्रदाय निव्वळ पंडितांच्या वादातून जन्मास आले, असा समज करून घेणे योग्य नव्हे. प्रत्येक संप्रदायाने आपल्या पूर्वसूरींनी वगळलेला एखादा भाग हाती घेतला. आणि मनाविषयी जी कल्पना त्या त्या काळी रूढ झाली, तिचे बरेवाईट फळ लहान मुलांच्या वाट्यास आले. म्हणून या विषयाची ओळख करून घेताना या दोन गोष्टींकडे आपण विशेष लक्ष देऊ.

इ. स. १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुण्ट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली आणि येथूनच आधुनिक मानसशास्त्राचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. रसायनशास्त्रज्ञ ज्याप्रमाणे पदार्थाचे मूलद्रव्यांत पृथक्करण करतो, त्याप्रमाणे अनुभवाचेही पृथक्करण करावे, हा या प्रयत्नामागील हेतू होता. वुण्ट यांचे शिष्य टिचनर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हाच विचार अधिक काटेकोर केला. त्यास रचनावाद म्हणतात. त्यांचे साधन होते अंतर्निरीक्षण. एखादा ध्वनी ऐकताना किंवा रंग पाहताना आपल्या मनात काय चालले आहे, हे अभ्यस्त व्यक्तीने स्वतःच बारकाईने पाहावयाचे आणि सांगावयाचे. या पद्धतीत एक मोठी अडचण होती. दोन निरीक्षकांचे अनुभव जुळले नाहीत, तर निवाडा कोणी करावा? शिवाय जे बालक अद्याप बोलूही शकत नाही, त्याने अंतर्निरीक्षण कसे करावे? या शास्त्रात बालकाला जवळजवळ स्थानच नव्हते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम जेम्स यांना मनाचे असे तुकडे करणे मान्य नव्हते. बारा वर्षे खपून त्यांनी इ. स. १८९० मध्ये मानसशास्त्रावरील आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. विचार हा नदीच्या प्रवाहासारखा अखंड वाहत असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मन कशाचे बनले आहे, यापेक्षा ते कशासाठी आहे, जीवनात त्याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. यातून कार्यवाद निर्माण झाला आणि मानसशास्त्र वर्गखोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. सवयीवरील त्यांचे विवेचन आजही शिक्षकांनी वाचावे, असे आहे.

यानंतर जो संप्रदाय आला, त्याने मोठीच खळबळ उडवून दिली. इ. स. १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी जाहीर केले की, मन हा विषयच शास्त्राच्या कक्षेतून काढून टाकावा. जे डोळ्यांना दिसते, ज्याची नोंद घेता येते, ते वर्तन तेवढे अभ्यासावे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे कुत्र्यांवरील प्रयोग या मंडळींच्या हाती आयतेच लागले. अन्न देण्यापूर्वी प्रत्येक वेळी ठराविक आवाज केला, तर पुढे नुसत्या त्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते, असे पावलॉव्ह यांनी दाखविले होते. या क्रियेस अभिसंधान असे नाव आहे.

माणसाच्या भावनाही अशाच घडतात काय, हे पाहण्यासाठी वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझली रेनर यांनी केलेला प्रयोग इ. स. १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे अकरा महिन्यांच्या बालकापुढे त्यांनी एक पांढरा उंदीर आणला. बालकास त्याचे भय मुळीच नव्हते. परंतु त्याने उंदराकडे हात नेला की, पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडी आपटून कर्कश आवाज केला जाई. असे काही वेळा घडल्यावर आवाज न करताही ते मूल उंदीर पाहताच रडू लागले. एवढेच नव्हे, तर ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांचीही त्याने धास्ती घेतली. भय हे पुष्कळदा शिकविले जाते, हे या प्रयोगाने दाखविले खरे; पण त्या मुलाच्या मनात घातलेले भय काढून टाकण्यापूर्वीच त्यास रुग्णालयातून नेण्यात आले. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग करण्यास कोणतीही संस्था अनुमती देणार नाही. आपल्या हाती बारा निरोगी अर्भके दिल्यास त्यांतील कोणासही वैद्य, वकील, कलावंत किंवा चोरसुद्धा बनवून दाखवीन, अशी वॉटसन यांची प्रतिज्ञा होती. आपण उपलब्ध पुराव्याच्या पलीकडे जात आहोत, हे त्यांनीच त्या ठिकाणी कबूलही केले होते. मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा, असे एकदा मानले की, त्याला काय वाटते हे विचारण्याची गरज उरत नाही.

परंतु याच विचारातून एक अत्यंत उपकारक गोष्टही निष्पन्न झाली, हे सांगणे न्याय्य ठरेल. इ. स. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर या नावाने नोंदलेल्या, सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्यास सशाचे विलक्षण भय वाटे. जोन्स यांनी त्याला धाक दाखविला नाही, की चार मुलांत त्याची थट्टा केली नाही. तो आवडीचा खाऊ खात असताना सशाचा पिंजरा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावयाचा आणि दिवसागणिक त्याच्या सोसण्याच्या बेताने थोडा थोडा जवळ आणावयाचा, असा क्रम त्यांनी ठेवला. ज्यांना सशाचे भय वाटत नाही, अशी मुलेही मधूनमधून त्याच्या संगतीस असत. अखेरीस पीटर सशाच्या अंगावरून हात फिरवू लागला. शिकलेले भय विसरविताही येते, हा तो सिद्धान्त होय.

इकडे जर्मनीत समष्टिवाद आकार घेत होता. मॅक्स वर्थायमर यांनी इ. स. १९१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारी असलेल्या दोन रेषा एकीमागून एक, अत्यल्प अंतराने प्रकाशित केल्या, तर पाहणाऱ्यास दोन रेषा न दिसता एकच रेषा सरकताना दिसते. ही गती त्या दोहोंपैकी एकीतही नसते. चित्रपटाच्या पट्टीवर तरी काय असते? सारी स्थिर चित्रेच. चालताना दिसतो तो माणूस! एखादी आरती काळी एकमध्ये म्हणा किंवा काळी चारमध्ये म्हणा. प्रत्येक सूर बदलला, तरी चाल तीच राहते. तात्पर्य, अवयव सुटे करून पाहिल्याने अवयवी हाती लागत नाही.

याच संप्रदायाचे कोलर हे इ. स. १९१३ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या तेनेरिफ बेटावर गेले व तेथे त्यांनी चिंपांझी वानरांचा अभ्यास केला. त्यांतील सुलतान नावाचा वानर बराच वेळ एकेका आखूड काठीने पिंजऱ्याबाहेरचे केळे ओढण्याची खटपट करीत होता. ती फसल्यावर तो काठ्यांशी खेळत बसला असता दोन्ही काठ्या त्याच्या हातांत एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठी दुसरीच्या पोकळ टोकात खुपसली आणि लगेच उठून केळे ओढून घेतले! अमेरिकेत थॉर्नडाइक यांच्या मांजरी चुकतमाकत पेटीचे दार उघडण्यास शिकल्या होत्या. सुलतानास सारी परिस्थिती एकदम उलगडली. गणित सोडविताना पुष्कळ वेळ काहीच सुचत नाही आणि अवचित उत्तराची वाट दिसते, हा अनुभव कोणास नाही? केवळ घोकंपट्टीने ही दृष्टी येत नाही.

याच सुमारास व्हिएन्ना शहरातील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड रुग्णांच्या पीडेचे मूळ त्यांच्या अबोध मनात शोधीत होते. स्वप्ने, बोलण्यातील चुका, विसरणे यांस अर्थ असतो आणि बाल्यातील अनुभव पुढील आयुष्यावर छाया टाकतात, असे त्यांचे मत होते. ॲडलर आणि युंग हे त्यांचे सहकारी पुढे मतभेद होऊन वेगळे झाले. आपण सहज वापरतो तो न्यूनगंड हा शब्द ॲडलर यांच्याच विचारातून आला आहे. आपल्या देशात गिरींद्रशेखर बोस यांनी इ. स. १९२२ मध्ये कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांची अनेक अनुमाने पुढे पुराव्यावर टिकली नाहीत. परंतु रुग्णाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे हाही उपचारच आहे, ही जाणीव त्यांनी दृढ केली.

विसाव्या शतकाच्या मध्यास आणखी दोन प्रवाह आले. मानवाला केवळ वासनांचा किंवा सवयींचा दास मानू नये, त्याच्या ठायी विकासाची ओढ असते, असे मॅस्लो आणि कार्ल रॉजर्स या मानवतावाद्यांनी सांगितले. दुसरा प्रवाह बोधात्मक मानसशास्त्राचा. वॉटसन यांनी हद्दपार केलेले मन त्याने परत आणले. इ. स. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तात्कालिक स्मृतीत एका वेळी सुमारे सातच गोष्टी मावतात, असे मांडले. पुढील संशोधनाने ही संख्या चारच्या आसपास आणली आहे. इ. स. १९५९ मध्ये नोम चॉम्स्की यांनी भाषा केवळ अनुकरणाने व बक्षिसाने येते या मताचे खंडन केले. लहान मूल ‘केले’ऐवजी ‘करले’ आणि ‘गेला’ऐवजी ‘जाला’ म्हणते, तेव्हा घरात कोणी तसे बोलत नसतानाही ते स्वतःच व्याकरणाचा नियम शोधीत असते. ज्याला आपण चूक म्हणून हसतो, ती त्याच्या बुद्धीची खूण असते.

आज कोणताही अभ्यासू एकाच संप्रदायाचा झेंडा घेऊन चालत नाही. भयाने ग्रासलेल्या व्यक्तीवर उपचार करताना जोन्स यांची क्रमाक्रमाची पद्धत आणि विचारांची तपासणी या दोहोंचा उपयोग केला जातो. मात्र शास्त्रज्ञांनी सोडलेली एकांगी दृष्टी घराघरांतून आणि वर्गावर्गांतून अजून नाहीशी झालेली नाही. एखाद्यास भाषणाच्या वेळी शब्द फुटत नाही, एखाद्याचे गणित अडते, की आपण त्यास भित्रा किंवा मठ्ठ ठरवून मोकळे होतो. हे भय त्यास कोठे जडले, प्रश्नाची मांडणी त्यास समग्र दिसली काय, त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले काय, हे विचारावयाचे राहून जाते. हे प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आई-वडिलांनी, शिक्षकांनी आणि शेजारच्या बाकावरील मित्रानेही ते विचारावेत. आणि ज्यास स्वतःविषयी असे वाटत असेल, त्याने पीटरची गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.