‘गाडी तापते’: एका तक्रारीचा अर्थनिर्णय

अंधेरी-कुर्ला रस्त्यावर किंवा घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लाल बहादुर शास्त्री मार्गावर सायंकाळी वाहनांची कोंडी झाली, की एखाद्या मोटारीचा तापमानदर्शक काटा चढू लागतो किंवा तांबडा दिवा लागतो. अशी मोटार गॅरेजमध्ये नेल्यावर मालक बहुधा एकच वाक्य उच्चारतो: ‘गाडी तापते.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य पूर्ण आहे. निदानाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. नाही ते कालवाचक क्रियाविशेषण. गाडी केव्हा तापते, हा प्रश्न विचारला गेला नाही, तर निर्दोष भाग बदलले जातात आणि सदोष भाग जागच्या जागी राहतो.

या प्रश्नाचे महत्त्व शीतनव्यवस्थेच्या रचनेतून स्पष्ट होते. इंधनातील ऊर्जेचा ढोबळ मानाने एकतृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या द्रवाला उष्णतेच्या रूपाने मिळतो. कारागीर ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, तो पंप हा द्रव फिरवतो. थर्मोस्टॅट नावाची झडप साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते आणि द्रवाला रेडिएटरकडे जाऊ देते. तेथे हवा त्याची उष्णता हरण करते. अर्थात येथे दोन प्रवाह आहेत: आत द्रवाचा आणि बाहेर हवेचा. गाडी वेगात असता हवा आपोआप मिळते. गाडी उभी असता ती केवळ पंख्याकडून मिळते. म्हणून कोंडीत चढणारा काटा बोरिवलीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर खाली येत असेल, तर पहिला संशय हवेवर, म्हणजेच पंख्यावर, घ्यावा. उलट गाडी बोरघाटाच्या चढणीवर तापत असेल, तर द्रवाचे अभिसरण किंवा रेडिएटरची अंतर्गत स्थिती तपासावी. द्रवाची पातळी मात्र दोन्ही प्रसंगी आधी पाहावयाची असते, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना.

एकाच वाक्याचा अर्थ काळाबरोबर कसा पालटतो, याचेही हे उदाहरण आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागलेली फियाट ११०० पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून प्रसिद्ध झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. तिचा पंखा इंजिनावरील पट्ट्याने फिरत असे. कोंडीत इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. चालक गिअर काढून ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवीत, त्यामागे हेच कारण होते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर चालू लागला. असा पंखा इंजिनाच्या गतीवर अवलंबून नसतो. तो फ्यूज, रिले, तापमानाची कळ आणि मोटर यांच्यावर अवलंबून असतो. त्यामुळे आजच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्याने पंख्याला वेग येत नाही. जादा इंधन जळून उष्णता मात्र वाढते. सवय टिकली, तिचे प्रयोजन उरले नाही.

विजेच्या पंख्याची परीक्षा सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी सुरू करताच पंखा फिरू लागतो. तो फिरला, पण इंजिन तापूनही एरवी फिरत नसेल, तर तापमानाची कळ किंवा तिची तार सदोष असण्याचा संभव अधिक. मुळीच फिरत नसेल, तर फ्यूज व रिले पाहून मग मोटरला बॅटरीचा थेट प्रवाह द्यावा. पंखा नीट फिरत असूनही काटा चढत असेल, तर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधील फटीत पाहावे. बांधकामाची धूळ आणि पावसाळ्यातील चिखल तेथे थर धरतात. हा थर पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

गॅरेजमध्ये पुष्कळदा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय योजला जातो. तो निदानाला बगल देणारा आहे. पंखा बंद असेल, तर द्रव कितीही मोकळा फिरला तरी उष्णता बाहेर जात नाही. शिवाय एरवी इंजिन आवश्यक तापमानाला उशिरा पोहोचते व जास्त इंधन खाते. तसेच बोअरचे क्षारयुक्त पाणी वारंवार भरल्याने आत क्षार साचतात. निर्मात्याने सांगितलेले कूलंट व शुद्ध पाणी यांचे मिश्रणच वापरणे इष्ट.

दुर्लक्षाची किंमत मोठी असते. ॲल्युमिनियमचे हेड अतितापाने वाकते, हेड गॅस्केट जळते आणि हेड उतरवून फेस करावे लागते. गळती न दिसता पाणी कमी होणे, धुराड्यातून सतत पांढरा धूर येणे, ऑइलला दुधाळ रंग येणे, ही त्याची लक्षणे होत. येथे पंखा दुरुस्त करून भागत नाही.

कोंडीत काटा चढताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा आणि गाडी कडेला घ्यावी. काटा तांबड्या रेषेला भिडला, तर इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. झाकणाखालील दाब वातावरणापेक्षा सुमारे एक बारने अधिक असतो, त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. झाकण फिरवताच दाब उतरतो आणि द्रव तत्क्षणी उकळून हातातोंडावर उसळतो. इंजिन निवेपर्यंत थांबणे, हाच उपाय.

‘उभ्या गाडीत, एसी लावल्यावर, वीस मिनिटांनी तापते, चालू लागली की निवते’ एवढे सांगणारा मालक कारागिराचे अर्धे काम घरूनच करून आलेला असतो.