रब्बींच्या पोटापाण्याचा प्रश्न

ज्यू धर्मगुरूला 'रब्बी' म्हणतात; त्याचा अर्थ 'माझे गुरू'. पदवी म्हणून हा शब्द रूढ झाला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात, जेरुसलेमचे मंदिर 70 मध्ये पडले त्या सुमारास. त्याआधीच्या हिल्लेलसारख्या थोर आचार्याच्या नावाला ही पदवी लागत नाही. बाबिलोनमधल्या पंडितांना मात्र 'रब' म्हणत, कारण विधिवत दीक्षा फक्त इस्राएलच्या भूमीतच मिळे.

धर्मशास्त्र शिकवण्याचे पैसे घेणे गैर मानत. योहानान हा रब्बी चपला बनवी, येहोशुआ कोळसे पाडी. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू पंडिताने तर दानावर जगणाऱ्या विद्वानांवर कडक टीका केली. गंमत अशी, की त्याचा स्वतःचा संसार बरीच वर्षे धाकटा भाऊ डेव्हिडच्या व्यापारावर चालला. डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला आणि मायमोनिडीसने पोटासाठी वैद्यकी धरली.

पण काळ पालटला. 1391 च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर मायोर्का सोडून अल्जियर्सला आलेल्या शिमोन दुरान या वैद्याने समाजाकडून वेतन घेतले आणि त्याचे समर्थनही लिहिले. पुढे युक्तिवाद रूढ झाला तो असा: हे शिकवण्याचे मोल नव्हे, बुडालेल्या वेळेची भरपाई. पळवाट खरी, पण माणुसकीची.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंपुढे मात्र हा प्रश्न आलाच नाही, कारण त्यांच्याकडे रब्बी नव्हतेच. त्यांचे धर्मविधी त्यांच्यातलेच 'काजी' करीत.