शेजारचा बाजार (भाग ६) : पिंगळीचं सोयाबीन, नेपाळचं तेल

मागच्या भागात साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराचा सांगाडा पाहिला. ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबादेत सह्या झाल्या, १ जानेवारी २००६ पासून करार लागू झाला आणि सार्कमधल्या अल्पविकसित देशांना त्यात झुकतं माप मिळालं. हा करार पिंगळीच्या शिवारात कसा पोचतो, ते आता पाहू.

पिंगळी म्हणजे मनमाड-काचीगुडा मार्गावरचं, परभणी आणि पूर्णेच्या मधलं छोटं स्टेशन. भोवती काळी जमीन, खरिपात सोयाबीन नाहीतर कापूस. मळणी उरकली की माल परभणीच्या मोंढ्यात जातो. व्यापारी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो; आकडा बाराच्या वर गेला की भाव उतरला. एवढं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. खरा हिशेब मात्र पुढे तेलगिरणीत होतो. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. गिरणीवाला दोन्हींची किंमत धरतो, आपला खर्च आणि नफा वजा करतो; राहील तो सोयाबीनचा भाव. त्यामुळे देशात तेल कुठून आणि किती शुल्क भरून येतं, याच्याशी पिंगळीचा थेट संबंध आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये, काढणी तोंडावर असताना, केंद्राने आयात तेलावरचं शुल्क चढवलं. कच्च्या तेलावर सगळं मिळून ५.५ टक्के होतं ते २७.५ झालं, रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ वर गेलं. बाहेरचं तेल महागलं की गिरण्या देशी सोयाबीनला चढा भाव देतील, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण साफ्टातल्या त्या झुकत्या मापामुळे नेपाळहून येणाऱ्या रिफाइंड तेलावर शुल्क शून्य होतं आणि शून्यच राहिलं.

नेपाळात तेल गाळून निर्यात करण्याएवढं सोयाबीन पिकत नाही. कच्चं तेल दूरदेशाहून जहाजाने येतं. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे ते कोलकाता-हल्दियाला उतरून आपल्याच रस्त्यांनी वर जातं, तिथे शुद्ध होतं आणि बिनशुल्क परत खाली येतं. आडमार्गाने आलेल्या परदेशी तेलाला नेपाळी म्हणायचं का?

त्यावर करारात उत्तर आहे. साफ्टाच्या सर्वसाधारण नियमानुसार अल्पविकसित देशाने विक्रीच्या किमतीत निदान ३० टक्के भर स्वतः घातलेली असावी. म्हणजे १०० रुपयांचं कच्चं तेल आणलं, तर विकताना ते १४३च्या आसपास जायला हवं. नुसत्या शुद्धीकरणाने एवढी भर पडते, हे आपल्याकडच्या तेल उद्योगाला पटत नाही; त्यांच्या संघटनेने सरकारकडे वारंवार तक्रार केली आहे. माझ्या मते यातली खरी गोम वेगळी आहे. शुल्क वाढवलं की भारतातला तेलाचा भावच फुगतो, आणि त्या भावाशी मिळतीजुळती किंमत बिलावर लावणं नेपाळच्या निर्यातदाराला सोपं जातं. आपण कुंपण जितकं उंच करू, तितकी ही फट रुंदावते.

सगळं खापर नेपाळवर फोडणंही बरोबर नाही. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली रेंगाळला, त्याला पेंडही कारण होती. इथेनॉलसाठी मका वापरल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयापेंडीचा उठाव घटला. गंमत म्हणजे आपली पेंड घेणाऱ्यांत नेपाळ आणि बांगलादेश आहेतच. तेलाने जो शेजारी भाव पाडतो, तोच पेंड उचलून सावरतो. रागाच्या भरात सीमा बंद करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मराठवाड्याने नाक्यांचा जाच पाहिलेला आहे. निजामी मुलखाच्या हद्दीवर मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, बसायची, ती जुन्या लोकांना ऐकून का होईना ठाऊक आहे.

३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणलं. रिफाइंडचं तसंच ठेवलं. देशी रिफायनऱ्यांना स्वस्तात कच्चं तेल मिळू लागल्याने नेपाळच्या वाटेचा फायदा कमी झाला खरा, पण शेतकऱ्यासाठी घातलेलं कुंपणही सोबतच खाली आलं. महागाई आणि हमीभाव यांच्या ओढाताणीत असे निर्णय हंगामागणिक फिरतात. बियाणं मात्र जूनमध्येच घ्यावं लागतं, तेव्हा दसऱ्याला शुल्क किती असेल हे कोणीच सांगू शकत नाही.

पुढच्या भागात कापूस : बांगलादेशाने एप्रिल २०२५ मध्ये जमिनीवरच्या नाक्यांवरून आपलं सूत घेणं थांबवलं, त्याबद्दल.