शाळा बघायला जाल तेव्हा...

मुलीसाठी स्थळ बघायचं म्हटलं, की आपण बायका किती चौकशा करतो! मुलाचा पगार काय, घरात माणसं किती, सासूचा स्वभाव कसा, हे सगळं ओळखीपाळखीतून चार ठिकाणी विचारतो, तेव्हा कुठे पुढचं बोलणं होतं. आणि आपलं तीन-साडेतीन वर्षांचं पोर ज्या जागी पुढली बारा वर्षं रोज पाच-सहा तास काढणार, ती शाळा मात्र आपण नुसतं फाटक बघून पसंत करतो. "इमारत केवढी मोठी आहे, नि गणवेशाला टायसुद्धा आहे!" झालं, ठरलं!

मैत्रिणींनो, हे मी कुणाला हसण्यासाठी लिहीत नाही. आमच्या थोरल्याच्या वेळी मी स्वतः हेच केलं.

जाऊबाईंचा मुलगा आधीपासून एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत जात होता. "तुम्ही काय बाई, त्याला कोपऱ्यावरच्या शाळेत घालणार?" असं त्या एकदा हसत हसत म्हणाल्या. माझ्या ते मनाला लागलं. ह्यांचं म्हणणं होतं, "कोपऱ्यावरची शाळा वाईट आहे का? जाऊन तर बघ." मी जाऊनही बघितलं नाही. मोठ्या शाळेनं 'इमारत निधी' मागितला, तेव्हा माहेरच्या पाटल्या मोडल्या. दिलेल्या पैशांपैकी निम्म्याचीच पावती मिळाली. उरलेल्या पावतीचं विचारायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही.

शाळा बारा किलोमीटरवर. सकाळी सव्वासहाला बस यायची. दुपारी पोर घरी आलं, की भात खाता खाता पानावरच पेंगायचं. त्यातून बाईंनी सांगितलेलं, "घरी इंग्रजीतच बोला." माझं इंग्रजी ते काय! तरी मी आपली 'कम', 'सिट', 'ईट' करत राहिले. सासूबाई रोज रात्री त्याला गोष्ट सांगायच्या, तीही बंद केली. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "सूनबाई, मी आपली गप्पच बसते गं. माझ्या बोलण्यानं त्याचं नुकसान नको व्हायला."

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. कारण पोरगाही तोवर गप्प झाला होता. शाळेत त्याला बोलता येत नव्हतं आणि घरी बोलायची आम्हीच चोरी केली होती. शेवटी तिसरीत त्याला तिथून काढलं. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

धाकटीच्या वेळी मात्र वही-पेन्सिल घेऊन पाच शाळा पालथ्या घातल्या. त्या वहीतलं तुमच्या उपयोगी पडेल ते इथे देते.

आधी शाळा कोणत्या प्रकारची, ते विचारा

'खासगी शाळा' म्हटलं की सगळ्या सारख्याच, असं आपल्याला वाटतं. पण संस्था खासगी असली तरी शाळा अनुदानित असू शकते. तिथे शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी अगदी कमी असते. आपल्या गावोगावच्या कितीतरी जुन्या, चांगल्या शाळा अशाच आहेत. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा सगळा खर्च मात्र पालकांच्या फीमधून निघतो. तेव्हा "शाळा अनुदानित आहे का?" हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. प्रत्येक शाळेला अकरा आकडी 'यू-डायस' क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो मागून घ्या. शंका आली तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारायला लाजू नका. फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेलं दिसलं, तर जरा थांबा. 'पॅटर्न' म्हणजे संलग्नता नव्हे! शाळा खरोखर त्या मंडळाशी संलग्न असेल, तर तिच्याकडे संलग्नता क्रमांक असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. पोर नववीत गेल्यावर हे कळून उपयोग नाही.

फी नव्हे, वर्षाचा खर्च मांडा

आम्हाला थोरल्याची फी सांगितली होती ४८ हजार. वर्षअखेरीला किराण्याच्या वहीत हिशेब मांडला, तो असा: बस १४ हजार ४००, पुस्तकं-वह्या ५ हजार २००, गणवेश नि बूट ३ हजार ९००, सहल नि स्नेहसंमेलन २ हजार ५००. बेरीज झाली ७४ हजार! वाणसामानाची यादी करतो तशी ही यादी प्रवेशाआधीच करा. आणि हा खर्च पहिल्या वर्षी झेपतो का, एवढंच पाहू नका. दुसरं मूल शाळेत जाईल तेव्हा दोघांचा मिळून झेपेल का, ते पाहा.

थोडा कायदाही ठाऊक हवा. महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यावर १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. शिक्षणहक्क कायद्यातही देणगी घेणाऱ्या शाळेला त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगितलेला आहे. म्हणजे आम्ही पाटल्या मोडून जे दिलं, ते द्यायचंच नव्हतं! प्रवेशासाठी लहानग्याची किंवा आईबापांची परीक्षा घेणं, मुलाखत घेऊन निवड करणं, हेसुद्धा त्या कायद्याला मान्य नाही. आईला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाला नाकारलं, तर मान खाली घालायचं कारण आईला नाही.

फीवाढीसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती हवी. व्यवस्थापनानं सुचवलेली फी ह्या समितीपुढे मांडावी लागते. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा विचारा, "समितीवर पालक कोण आहेत? मला त्यांच्याशी बोलता येईल का?" हे विचारताच कार्यालयातल्या माणसाचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरंच कळतं!

ज्यांचं उत्पन्न बेताचं आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सोडून इतर विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. २०२४ मध्ये राज्य सरकारनं जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर ह्यातून सूट दिली होती. पण त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली. ह्या जागांचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि सोडत निघते. जन्माचा, रहिवासाचा नि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवा. घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंनाही हे सांगा. त्यांच्या पोरांचा तो हक्क आहे.

घड्याळ लावून अंतर मोजा

नकाशावरचे किलोमीटर बघू नका. सकाळच्या गर्दीत एकदा स्वतः त्या रस्त्यानं जाऊन या. लहान मुलाला उठवण्यापासून वर्गात बसवण्यापर्यंत किती वेळ जातो, ते मांडा. बस असेल तर तीत मुलांना चढवायला-उतरवायला बाई आहे का, एका बसमध्ये मुलं किती कोंबतात, शाळेत परिवहन समिती आहे का, हे विचारा. पायी जाता येईल अशी बरी शाळा ही दूरच्या नामांकित शाळेपेक्षा पुष्कळदा चांगली असते. मुलाला झोप मिळते, संध्याकाळी खेळायला सवंगडी मिळतात आणि आजारी पडलं तर आपण दहा मिनिटांत पोचतो.

शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहा

पालकांना दाखवायचा वर्ग नेहमीच सजवलेला असतो. तो बघाच, पण एकदा शाळा सुटायच्या वेळी मुकाट्यानं फाटकाशी जाऊन उभ्या राहा. मुलं बाहेर कशी येतात? बोलत, ढकलाढकली करत, की मरगळून? तिथे थांबलेल्या आयांशी दोन शब्द बोला. कुठल्याही माहितीपुस्तकात नसतं ते तिथे कळतं.

आत गेल्यावर स्वच्छतागृह बघायला मागा. संकोच नको! पाणी, कडी, स्वच्छता नीट नसेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत नि मग दुखणी सुरू होतात. एका वर्गात मुलं किती, ते विचारा. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवलं आहे. बाई किती वर्षं तिथे आहेत, हेही विचारा. ज्या शाळेत दर वर्षी बाई बदलतात, तिथे काहीतरी बिनसलेलं असतं. मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना कायद्यानं बंदी आहे. "खोडी केली तर तुम्ही काय करता?" असं विचारून बघा आणि उत्तर नीट ऐका.

दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही चाळा. पानंच्या पानं फळ्यावरून उतरवलेली आहेत, की पोरानं स्वतःच्या मनानं चार ओळी लिहिल्या आहेत? खेळणी-साधनं महागच हवीत असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते शंखशिंपले, दगड, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तू हाताशी घेऊनच.

भाषेचं काय करायचं?

हा सगळ्यांत नाजूक प्रश्न. इंग्रजी यायलाच हवं, ह्यात वाद नाही. पण २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं, की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत व्हावं. मराठी माध्यम, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारं सेमी-इंग्रजी, की पूर्ण इंग्रजी, हे ज्यानं त्यानं घरचं बघून ठरवावं. इंग्रजी माध्यम घेतलंत, तरी २०२० च्या राज्याच्या कायद्यानं मराठी हा विषय सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे. तो नीट शिकवतात का, ते बघा. आणि कुठल्याही शाळेनं सांगितलं, तरी घरातली भाषा बंद करू नका. शाळेत इंग्रजी शिकवणं हे शाळेचं काम. घरी गोष्ट सांगणं हे आपलं.

पाच शाळा बघून आम्ही धाकटीला कुठे घातलं, सांगू? त्याच कोपऱ्यावरच्या शाळेत! ती विनाअनुदानितच आहे. इमारत दुमजली, रंग उडालेला, मैदान बेताचं. पण वर्गात अठ्ठावीस मुलं, बाई नऊ वर्षं तिथेच, आणि समितीवरच्या दोन आयांनी मला फीचा कागद न कचरता दाखवला. उणिवा आहेतच. संगणकाची खोली बहुधा कुलपातच असते. त्याबद्दल पुढच्या सभेत मी बोलणार आहे.

जाऊबाईंच्या मुलाचं त्या मोठ्या शाळेत छान चाललं आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते. त्यांचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. शाळा वाईट नव्हती. आमच्या पोराला नि आमच्या घराला ती सोसणारी नव्हती, आणि हे मी आधी तपासलं नाही.

थोरला आता बोलतो, हसतो. पण आजीजवळ गोष्टीला बसायचं त्याचं वय निघून गेलं, ते काही परत येत नाही. धाकटी मात्र रोज रात्री सासूबाईंच्या कुशीत शिरून हट्ट करते आणि सासूबाई पहिल्यापासून गोष्ट सुरू करतात. कधीकधी थोरलाही पुस्तक समोर धरून तिथेच रेंगाळतो. पान काही उलटत नाही त्याचं. मी बघते आणि न बघितल्यासारखं करते.