किनवटात होस्टा का टिकत नाही, आणि त्या कुंडीत मग काय लावायचं

मागच्या भागानंतर तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला: ऑनलाइन दिसतं ते निळसर, मोठ्या पानांचं होस्टा आपल्याकडं कुंडीत येईल का? सावलीत ठेवायचं की उन्हात? उत्तर मला चांगलं माहीत आहे, कारण त्यात माझे पैसे गेलेत. म्हणून आधी तेच सांगतो. किनवटात होस्टा सावलीत ठेवा की उन्हात, फार फरक पडत नाही. अडचण उजेडाची नाहीच, थंडीची आहे.

झालं असं. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या दारात होस्टाच्या मोठमोठ्या कुंड्या आहेत. व्हिडिओ कॉलवर बघून मला हाव सुटली. हिवाळ्यात मी दोन गड्डे मागवले आणि कुंड्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला सावलीत ठेवल्या. फेब्रुवारीत एकेका गड्ड्याला पाच-सहा पानं आली. मी लगेच फोटो काढून विकणाऱ्याला पाच तारे देऊन टाकले! मे महिन्यात पानं कडेनं करपली आणि बसली. म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षी आली दोन पानं, तळहातापेक्षा लहान.

आता हे का होतं ते बघू. होस्टा मूळचं जपान, कोरिया, चीन या भागातलं. शतावरीच्या कुळातलं झाड आहे. आपला निशिगंध आणि सफेद मुसळी हे त्याचे भाऊबंद. हिवाळ्यात त्याची सगळी पानं जातात आणि जमिनीतला गड्डा झोपतो. ही झोप नुसती आराम म्हणून नसते. साधारण महिना-दीड महिना 5 अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी मिळाली, तरच आतले डोळे वसंतात जोरानं फुटतात. थंडी मिळाली नाही तर गड्डा अर्धवट झोपेत राहतो, दरवर्षी थोडा थोडा झिजतो आणि संपतो. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10-12 अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो. पण दुपारी परत 28-30! एवढ्यानं त्याचं भागत नाही.

मग पहिल्या वर्षी पाच-सहा पानं कशी आली? मला हे फार उशिरा कळलं. असे गड्डे बहुतेक वेळा थंड हवेच्या ठिकाणी वाढवलेले किंवा शीतगृहात ठेवलेले असतात. म्हणजे त्यांची झोप आधीच झालेली असते. पहिल्या वर्षाची पानं त्या उसन्या थंडीवर येतात. आपण खूश होऊन पाच तारे देतो ते त्याच दोन-तीन महिन्यांत. झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मरतं, तेव्हा परत जाऊन कोण लिहितं? मीसुद्धा नाही लिहिलं. त्यामुळं ऑनलाइन तारे बघून झाड घेत असाल तर ते तारे कधी दिलेत ते बघा.

बियांचं तर बोलूच नका. निळ्या, सप्तरंगी होस्टाच्या बिया म्हणून जी पाकिटं मिळतात त्यातलं चित्र बनवलेलं असतं. नाव असलेल्या जातीचं बी लावलं तरी रोप आईसारखं निघेलच असं नसतं; जात टिकवायची तर गड्डा फोडूनच लावावा लागतो.

फ्रीजचा उपायही करून बघितला. पानं गेल्यावर गड्डा काढायचा, किंचित ओलसर भुश्श्यात गुंडाळायचा आणि सहा-आठ आठवडे भाजीच्या खान्यात ठेवायचा. बर्फाच्या कप्प्यात नाही. आई म्हणाली, "फ्रीजमधी माती? कामून रे बाबा?" तरी ठेवू दिलं. आणि खरंच, त्या गड्ड्याला चार चांगली पानं आली. पण मे महिना कुणाला चुकलाय? पारा चाळिशीच्या वर, रात्रीसुद्धा गरम वारा, कुंडीतली मुळं सगळ्या बाजूंनी तापतात. जमिनीतल्या मुळांना निदान खोल माती असते. म्हणजे फ्रीजनं अर्धा प्रश्न सुटतो, उरलेला अर्धा झाड मारतो. मी थांबलो.

थंड देशातून ऐकणाऱ्यांसाठी एवढंच: तुमच्याकडं होस्टा कुंडीत सोपं आहे. निळ्या पानांवर मेणाचा थर असतो, तो उन्हात जातो आणि पान साधं हिरवं दिसतं, म्हणून निळी जात सावलीत ठेवा. पिवळसर पानांना सकाळचं ऊन चालतं, उलट रंग खुलतो. वासाच्या पांढऱ्या फुलांची जात ऊन त्यातल्या त्यात जास्त सोसते. आणि हिवाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका, गड्डा थंडीनं नाही, सडून जातो.

आता आपल्या कुंडीकडं येऊ. आपल्याकडच्या झाडांनाही झोप लागते, पण ती थंडीची नाही, कोरडेपणाची. किनवटच्या सागाच्या जंगलात मुसळी पहिल्या पावसानंतर वर येते आणि पाऊस सरला की गुडूप होते. हळद तशीच. अळू तर पाणी मिळेल तोवर जागंच. मोठ्या पानांची शोभा हवी असेल तर ही दोन लावा.

अळूला 14-16 इंच रुंद कुंडी किंवा जुनी बादली घ्या, खाली भोकं पाडून. आपली काळी माती एकटी भरू नका. ती भिजली की चिखल होते, वाळली की आकसून कुंडीची कड सोडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. निम्मी माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट. कंद जूनमध्ये लावा. सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन मिळेल अशी पूर्वेची जागा सगळ्यात बरी. पावसाळ्यात पूर्ण उन्हातही येतं, फक्त पाणी कमी पडू द्यायचं नाही. मार्च संपला की भिंतीच्या आडोशाला किंवा हिरव्या जाळीखाली सरकवा. बाजूची पिल्लं काढत राहा, नाहीतर पानं लहान होतात. वड्यांना तोडताना तीन-चार पानं झाडावर ठेवा.

एक सावधगिरी. नर्सरीत शोभेचे रंगीत अळू मिळतात, ते खायचे नाहीत. खायच्या अळूतही सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानंच घसा खाजतो. म्हणून चिंच आणि पुरेसं शिजवणं.

हळदीला पोतं किंवा फूटभर खोल कुंडी पुरते. बेणं मे-जूनमध्ये लावायचं. तिला दुपारची सावली आवडते, पण साचलेलं पाणी अजिबात नाही. हिवाळ्यात पानं पिवळी पडली की घाबरून पाणी वाढवू नका. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं आणि अर्धी हळद सडली. पानं पूर्ण वाळली की काढा.

होस्टाच्या दोन्ही कुंड्यांत आता आईचं अळू आहे. गंमत म्हणजे मावसबहीणही तिकडं बादलीत अळू लावते, वड्यांसाठी. ऑक्टोबरात दव गोठायच्या आधी तिला ती बादली उचलून घरात आणावी लागते, आणि होस्टा बाहेर बर्फात तसंच राहतं.