रोशा गवत आणि कृत्रिम गुलाब

बाजारांत ‘गुलाब’ म्हणून जो साबण मिळतो, त्यांत गुलाबाच्या फुलाचा अंश बहुधा नसतो. हें वाचून कित्येकांस नवल वाटेल. परंतु कारण उघड आहे. एक किलो अस्सल गुलाबतेल निघण्यास सुमारें ३ ते ५ हजार किलो फुलें लागतात. एवढा खर्च साबणास कसा परवडावा? म्हणून सुगंधद्रव्यांचे कारखानदार निरनिराळीं द्रव्यें ठराविक प्रमाणांत मिसळून गुलाबाचा वास जुळवितात.

या मिश्रणाचीं मुख्य अंगें तीन: जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल व फेनिल एथिल अल्कोहोल. पैकीं पहिलें द्रव्य आपल्या रोशा गवताच्या तेलांत शेंकडा ७५ ते ९० पर्यंत असतें. खानदेश व निमाड या प्रांतांतील हें तेल पूर्वीं मुंबईहून तुर्कस्तानांत जाई आणि पुढें बल्गेरियाच्या गुलाबतेलांत भेसळीकरितां वापरलें जाई. म्हणजे आमचें गवत परदेशांत गुलाबाच्या भावानें विकलें जात असे, व तो नफा दुसऱ्यांच्या पदरीं पडे.

तथापि हीं तीन द्रव्यें एकत्र केलीं म्हणजे गुलाब साधला असें नव्हे. १९७० सालीं बल्गेरियन गुलाबतेलांत डॅमॅसेनोन नांवाचें द्रव्य सांपडलें. त्याचा अंश शेंकडा एकाहूनही पुष्कळ कमी. पण भाजींतील मिठाप्रमाणें त्यावांचून वासास गोडी येत नाहीं.

आतां शेतकरी बंधूंच्या हिताची गोष्ट. जिरॅनिऑल टर्पेंटाइनपासून कारखान्यांतही तयार होतें. १८९७ सालीं जर्मनींतील कृत्रिम नीळ विक्रीस आली आणि कांहीं वर्षांतच बिहारांतील निळीची शेती बसली. तो धडा विसरतां कामा नये. रोशाच्या तेलास आजही गिऱ्हाईक आहे, परंतु तें शुद्ध मालासच. यास्तव आमची सूचना अशी कीं, लागवडीपूर्वीं घेणारा व भाव निश्चित करावा. बीं मोतिया जातीचेंच घ्यावें. दिसण्यांत तशाच असणाऱ्या सोफिया जातीच्या तेलांत जिरॅनिऑल कमी असतें. तेल मुख्यतः फुलोऱ्यांत व पानांत असल्यामुळें गवत फुलावर असतांना कापावें. विक्रीपूर्वीं तेलाचा नमुना तपासून घ्यावा. ज्यास आपल्या मालांतील द्रव्याचें प्रमाण ठाऊक आहे, त्यास व्यापारी सहसा फसवूं शकत नाहीं.